टाचेखालची बोटभर जागा

मी एक जुना फर्मा आहे. खरे सांगायचे तर अर्धा फर्मा आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी फर्मा पाहिलेलाही नसेल. बूट शिवणारा कारागीर लाकडाचा एक पाय करून घेतो. त्याच्यावर चामडे ओढून बसवतो, खिळे ठोकतो, आणि बूट तयार झाला की तो लाकडी पाय आतून काढून घेतो. तो लाकडी पाय म्हणजे फर्मा. बूट गावभर हिंडतो आणि फर्मा फळीवर बसून राहतो. कुणाचा तरी पाय असूनही आम्ही जन्मात एक पाऊल टाकलेले नसते.

सध्या मी एका चित्रशाळेच्या दाराला पाचर म्हणून लावलेला आहे. माझा दुसरा अर्धा भाग काचेच्या पेटीत बसून कुणाच्या तरी दिवाणखान्यात गेला. लोक त्याच्याकडे बघून हळहळतात, असे ऐकतो. माझ्याकडे बघून कुणी हळहळत नाही. मला पायाने सरकवतात. पण दाराशी पडल्यामुळे मला सगळे ऐकू येते, आणि म्हणूनच ही हकीकत मी सांगू शकतो, माझा तो काचेतला भाऊ सांगू शकत नाही.

माझा जन्म एका तीन मजली इमारतीच्या जिन्याखालच्या खोलीत झाला. तिथे एक म्हातारे कारागीर बूट शिवत. सगळी इमारत त्यांना बूटआजोबा म्हणे. तिसऱ्या मजल्यावर एक मुलगी आणि तिची आई राहत. मुलीचा उजवा पाय जन्मतःच आत वळलेला आणि डाव्यापेक्षा दोन बोटे आखूड. ती चार वर्षांची असताना आई तिला कडेवर घेऊन खाली आली.

"काका, दुकानातला कुठलाच बूट हिच्या पायात राहत नाही," आई म्हणाली. "कापसाचे बोळे कोंबून पाहिले. तरी निसटतो."

"दुकानानं हिचा पाय कुठं पाहिलाय?" आजोबा म्हणाले. "ठेव तिला इथं खाली."

त्यांनी मुलीचा पाय मांडीवर घेतला आणि चक्क डोळे मिटले. अंगठ्याने ते टाचेपासून बोटांपर्यंत चाचपत राहिले.

"गुदगुल्या होतात!" मुलगी ओरडली.

"होऊ देत. तू हसलीस की पाय कुठं कुठं आखडतो ते मला कळतं."

लाकडाचे दोन ठोकळे फुकट गेले. तिसरा ठोकळा मी. आजोबांनी मला पटाशीने कोरले, कानशीने घासले, माझ्यावर एक बूट शिवला आणि मुलीला जिना चढायला लावले. स्वतः खाली बसून नुसते ऐकत राहिले. मग बूट उसवला, मला दोन ठिकाणी घासले, एका ठिकाणी चामड्याचा तुकडा चिकटवला आणि पुन्हा बूट शिवला. असे तीन महिने चालले. आईला आजोबांची दया आली. ती म्हणाली, "काका, नुसता पायाचा ठसा घेतला असता तर?"

"ठशातून पाय कळतो, चालणं कळत नाही," आजोबा म्हणाले. "इथं दाबलं की तिला लागतं. तिथं दाबलं नाही तर ती पडते. हे पायावर लिहिलेलं नसतं गं. करून करूनच कळतं."

शेवटी एक दिवस मुलगी जिना चढून गेली आणि पडली नाही. बुटाच्या जाड तळव्याचा प्रत्येक पायरीवर आवाज झाला. टक. टक. टक. मग आजोबांनी माझ्या घोट्याच्या जागी एक पितळी खिळा ठोकला. बाकीच्या फर्म्यांवर नंबर कोरलेले होते. माझ्यावर नंबर नव्हता, कारण माझ्या मापाचा दुसरा पाय जगात नव्हता.

आता मला अभिमान वाटायला हवा होता, नाही का? पण मी तुमच्याशी खोटे बोलणार नाही. मला लाज वाटे. फळीवर माझ्या शेजारी सरळ, गुळगुळीत, जोडीजोडीने बसलेले फर्मे होते आणि ते माझी टर उडवत.

"ए वाकडोबा, तुझा जोडीदार कुठं राहिला? लाजून पळाला काय?"

"अरे, याच्यावर बूट शिवतात की याला बुटानं मारतात?"

दर वर्षी मुलीचा पाय वाढे आणि आजोबा माझ्यावर चामड्याची एक पातळ चकती चिकटवत. अंगठ्याकडे जास्त, बाजूला थोडी, टाचेला अजिबात नाही. टाचेला हात लावायचा नाही, असे ते स्वतःलाच बजावत. सहा वर्षांत माझ्या अंगावर सहा थर चढले आणि मी आणखीच बेढब दिसू लागलो. मुलीलाही इमारतीतली मुले 'टकटक' म्हणून हाक मारत. तिने ते नाव हसून घेतले होते. मला मात्र हसता आले नाही. कुणीतरी एकदा तरी मला सुंदर म्हणावे, एवढीच माझी इच्छा होती. या इच्छेचे पुढे काय झाले, ते ऐका.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी दोन बदल झाले. आजोबांच्या डोळ्यांत सारा चढून दिसणे धूसर झाले आणि हात थरथरू लागला. चिकटवणे, शिवणे त्यांना अजून जमे, पण लाकूड कोरणे आता त्यांच्या आवाक्यात राहिले नव्हते. दुसरा बदल असा की, मुलीला मोठ्या शाळेत प्रवेश मिळाला. ती शाळा पुलापलीकडे होती.

"वीस मिनिटं चालावं लागतं, काका," आई म्हणाली. "मी तर पहाटेच बेकरीत जाते. तिला एकटीलाच जायचंय."

"मी जाईन," टकटक म्हणाली. "पण बूट आवळतोय हो आजोबा. बोटं दुमडून घ्यावी लागतात."

"एक चकती चिकटवली की झालं. शाळा सुरू व्हायच्या आत नवा बूट तुझ्या पायात."

त्यांनी थरथरत्या हाताने सातवी चकती चिकटवली. खळ वाळायला दोन दिवसांचे ऊन लागते. म्हणून त्यांनी मला गल्लीकडच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले. दर वर्षी ठेवत तसेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतून एक चित्रकार बाई चालल्या होत्या. त्यांच्यामागे दहा-बारा मुले होती. मुले त्यांना रंगबाई म्हणत. मित्रांनो, रंगबाई दुष्ट होत्या असे तुम्हाला वाटत असेल, तर तसे नव्हते. त्या कधी कुणावर ओरडत नसत. रस्त्यात पडलेल्या वस्तू गोळा करायच्या, त्यांची जलरंगात चित्रे काढायची आणि मग ती चित्रे संगणकावर घेऊन त्यांतून नवी चित्रे घडवायची, अशी त्यांची पद्धत होती. वाकलेला चमचा, फुटकी बरणी, एकटा हातमोजा. मुलांचा त्यांच्यावर जीव होता. आणि त्यांनी मुलांना एक नियम घालून दिला होता. वस्तू कुणाची आहे ते विचारायचे नाही.

"विचारलं की लोक गोष्ट सांगतात," त्या मुलांना समजावत. "आणि गोष्ट कळली की आपण वस्तूकडे बघायचं थांबतो. चित्रकारानं फक्त बघायचं."

त्या खिडकीशी थांबल्या. मला हातात घेतले आणि उन्हात फिरवून पाहिले.

"अरे वा," त्या हळूच म्हणाल्या. "किती सुंदर आहे हे!"

सहा वर्षे मी ज्या शब्दाची वाट पाहिली, तो शब्द मला मिळाला.

"बाई, पण हा कुणाचा तरी असेल," चष्मा लावलेली एक मुलगी म्हणाली. "खिडकीत ठेवलाय."

"कुणाला हवा असता तर घरात असता. असा बाहेर टाकला असता का?"

आतल्या खोलीत आजोबा पाठ करून बसले होते. त्यांच्या हातोडीचा आवाज येत होता. मला ओरडता येत नाही हे खरे. पण त्या क्षणी मला ओरडावेसेही वाटले नाही, हे त्याहून खरे. बाईंच्या पिशवीत शिरताना मी फळीवरच्या सरळ फर्म्यांना मनातल्या मनात वाकुल्या दाखवत होतो.

चित्रशाळा म्हणजे एक लांबट, भरपूर उजेडाची खोली होती. मला पांढऱ्या कापडावर मधोमध ठेवले. माझ्याभोवती मुले गोल करून बसली. बाईंनी कागद ओला केला आणि त्यावर तपकिरी रंगाचा एक थेंब सोडला. तो आपोआप पसरत माझ्या पोटाच्या गोलाईएवढा झाला. काय सांगू तुम्हाला! जिथे आजोबांनी घासले होते तिथे त्यांनी फिका रंग लावला, चिकटवलेल्या थरांच्या कडा एकेका केसाएवढ्या रेघेने काढल्या, खिळ्यांची भोके मोजून मोजून जिथल्या तिथे टिपली. वस्तू जेवढी तेवढेच चित्र, हा त्यांचा आग्रह होता. तीन दिवस त्या माझ्याकडे बघत होत्या. मुलीच्या आईनेसुद्धा मला इतके कधी पाहिले नव्हते.

चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, "खिळे फार चकचकीत आहेत. जुनेपण नीट दिसत नाही." त्यांनी माझ्या अंगात रुतून राहिलेल्या लोखंडी खिळ्यांवर मिठाचे पाणी सोडले. आठवडाभर रोज सोडत राहिल्या. गंज चढला, त्याचे नारिंगी ओघळ माझ्या अंगावर उतरले, सातव्या चकतीची खळ विरघळली आणि ती चकती गळून पडली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला दुखत होते. पण बाई म्हणाल्या, "आता कसं जिवंत वाटतं!" आणि मी दुखणे गिळून टाकले.

मग त्यांचे लक्ष माझ्या थरांकडे गेले.

"याच्या आत काय असेल, सांगा बरं? हे थर म्हणजे याची वर्षं आहेत. झाडाला वलयं असतात तशी. ती बघायची असतील तर काय करावं लागेल?"

"कापावं लागेल!" मुले एका सुरात म्हणाली.

शाळेत बरोबर उत्तर दिल्यावर तुम्हाला शाबासकी मिळते ना? तशीच त्यांना मिळाली. मला शिकंज्यात घट्ट आवळले. बारीक दातांची करवत आणली. मग बाई प्रेमाने म्हणाल्या, "रांग लावा. ढकलाढकली नको. प्रत्येकाला मिळेल." एकेका मुलाने पुढे येऊन करवत ओढली. कुणी जीभ बाहेर काढून, कुणी डोळे मिटून. चष्मेवालीची पाळी आली तेव्हा तिचा हात अडला.

"काय गं, भीती वाटते? ते लाकूड आहे. त्याला काही कळत नाही."

तिनेही ओढली. टाचेपासून बोटांपर्यंत, उभा, मी दुभंगलो.

दोन्ही अर्ध्यांना आळीपाळीने संगणकाला जोडलेल्या एका काचेवर पालथे घातले. खालून पांढरा प्रकाश सरकत गेला आणि माझे पोट पडद्यावर दिसू लागले. बाईंनी जलरंगातले चित्रही तसेच आत घेतले आणि दोन्ही एकमेकांवर चढवली. बाहेरून मी, आतून मी. सगळे थक्क झाले. बाईंनी पडद्यावर लेखणी टेकवली आणि मान तिरकी केली.

"टाच जरा बसकी वाटते ना? बघा हं." त्यांनी लेखणीने माझी टाच वर ओढली. बोटभर. "आता बघा रेघ कशी झोकात जाते. डोळ्याला बरं वाटतं की नाही?"

"हो!" मुले म्हणाली.

मित्रांनो, मीही मनात हो म्हणालो. आजोबांनी सहा वर्षांत ज्या टाचेला हात लावला नव्हता, ती बोटभर उचललेली पाहून मला वाटले, अरे, मी असा असतो तर किती बरे झाले असते.

चित्राला 'वाढ' असे नाव दिले. एक अर्धा काचेच्या पेटीत चित्राशेजारी बसवला. दुसरा, म्हणजे मी, टेबलावर चार दिवस पडून होतो. वारा सुटून दार आपटू लागले तेव्हा बाईंनी इकडेतिकडे पाहिले, मला उचलले आणि दाराखाली सरकवले. कापलेली सपाट बाजू वर, अंग दाराखाली. तेव्हापासून मी इथे आहे.

इकडे हे चालले असताना तिकडे काय झाले, ते मला पुढे एका बुटाने सांगितले. तो बूट कोण, तेही कळेलच.

आजोबांनी मला अकरा दिवस शोधले. फळ्या रिकाम्या केल्या, चामड्याचे गठ्ठे सोडले, गुडघ्यांवर बसून कोपरे चाचपले. गल्ली झाडणाऱ्या मावशी त्यांच्या तीस वर्षांच्या ओळखीच्या. रोज त्यांच्या दाराशी घटकाभर टेकायच्या. त्यांनाच आजोबा भर गल्लीत म्हणाले, "जळणात घातलास ना माझा फर्मा?" मावशींनी झाडू उचलला आणि त्या पुढे गेल्या. त्यानंतर त्या कधी टेकल्या नाहीत.

शाळा सुरू व्हायला तीन आठवडे राहिले होते. टकटक जुन्याच बुटात बोटे दुमडून जिना उतरे आणि रोज विचारी, "सापडला का आजोबा?"

मग एके दिवशी आई बेकरीतून धावतच आली. बेकरीच्या काचेवर प्रदर्शनाची जाहिरात लागली होती आणि जाहिरातीवर माझे चित्र होते. "काका, तो पितळी खिळा! तोच आहे हो!"

प्रदर्शन चित्रशाळेतच होते. आजोबांनी धुतलेला सदरा घातला होता. टकटकने त्यांचे बोट धरले होते. आता मी जे सांगतो ते मी स्वतः अनुभवले आहे. दारातून आत येताना तिचा उजवा पाय माझ्या सपाट पाठीवर पडला. सहा वर्षे मी तिचा पाय होतो, पण तिचा पाय मला कधी लागला नव्हता. तो मला त्या दिवशी लागला. टक असा आवाजही झाला. तिने खाली पाहिले. तिला लाकडाची एक फळी दिसली. ती पुढे गेली.

आत गर्दी होती. एक बाई चित्रासमोर उभ्या राहून डोळे टिपत होत्या. "किती सोसलंय या वस्तूनं," त्या शेजारच्या गृहस्थांना सांगत होत्या. ते म्हणाले, "खरंय. अंगावर काटा येतो." त्यांच्या दोघांच्या मधून वाट काढत टकटक लंगडत पुढे झाली. "अगं, हळू. धक्का लागेल चित्राला," त्या बाई म्हणाल्या आणि पुन्हा डोळे टिपू लागल्या.

आजोबांनी काचेच्या पेटीवर हात ठेवला. आतला अर्धा त्यांना नीट दिसला नसावा. मुलीने सांगितले, "आजोबा, कापलाय."

रंगबाई लगबगीने आल्या. सगळे ऐकून त्यांचा चेहरा पडला. त्या खोटे दुःख दाखवत नव्हत्या. "मला खरंच ठाऊक नव्हतं, आजोबा. मला वाटलं, टाकून दिलाय. आणि पेटीतला हा अर्धा तर कालच विकला गेला."

"उन्हात ठेवला होता," आजोबा म्हणाले. "दुसरा अर्धा आहे का?"

बाई आठवू लागल्या. मी त्यांच्यापासून आठ पावलांवर होतो. मित्रांनो, आठ पावले! मी सरळ टाच घेऊन, एकेक माप जपून तिथे पडलो होतो. नुसते दार लोटले असते तरी मी दिसलो असतो.

"नाही हो. गेला असेल कचऱ्यात," बाई म्हणाल्या. आणि मग त्यांचा चेहरा उजळला. "पण थांबा. तुम्हाला तर वस्तूपेक्षा चांगलं काही देते मी. या चित्राची प्रत न्या. अगदी मूळ मापात आहे. काडीचाही फरक नाही. माझ्याकडून भेट."

आजोबांनी प्रत डोळ्यांना लावून पाहिली. खिळ्यांची भोके बोटाने मोजली. प्रत्येक भोक जागेवर होते. थरांच्या कडा जागेवर होत्या. "बाई, तुम्ही तर माझ्याहून बारकाईनं पाहिलंय याच्याकडं," ते म्हणाले. "देव तुमचं भलं करो."

इथे त्यांची चूक झाली. आयुष्यभर खिळ्यांची भोके मोजणाऱ्या माणसाचीच ही चूक होती. त्यांना वाटले, जिने एक भोकही चुकवले नाही, ती टाच कशी चुकवेल?

आजोबांनी चित्रावरून पुठ्ठ्याचे साचे कापले आणि सुताराला दिले. सुताराने साच्यावर बोट फिरवून विचारले, "टाच एवढी उंच?"

"चित्रात आहे तशी कर. चित्र खोटं बोलत नाही. माझी आठवण आता खोटी पडते बघ."

नवा फर्मा आला. त्यावर आजोबांनी शेवटचा बूट शिवला. मऊ लाल चामडे, दुहेरी टाके. एकेका टाक्यासाठी सुई चार-चार वेळा बोटात घुसली. शाळेच्या आदल्या संध्याकाळी टकटकने तो घातला. जिना चढून दाखवला.

"कसा वाटतो?" आजोबांनी खालून विचारले.

त्यांच्या बोटांना गुंडाळलेल्या चिंध्या तिने पाहिल्या होत्या. "एकदम छान!" ती म्हणाली.

आजोबांनी कान देऊन आवाज ऐकला. आवाज थोडा वेगळा होता. त्यांना वाटले, कानही गेले आता.

उंच टाचेमुळे सगळा भार पुढे, बोटांवर येत होता. पहिल्या दिवशी फोड आला. तिसऱ्या दिवशी फुटला. ती रोज पूल ओलांडून जात होती आणि रोज संध्याकाळी जिन्याशी हसून सांगत होती, "एकदम छान!" मोजा तिने स्वतःच धुतला, आईला दिसू नये म्हणून. नवव्या दिवशी ताप चढला. मोजा सोलून काढावा लागला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आठ दिवस आधी का नाही आणलंत? अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट वाचले नाही.

आई दवाखान्यातून परतली आणि तो लाल बूट तिने कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या पेटीत भिरकावला. आजोबांना दोष देण्याची तिला गरजच पडली नाही. ते स्वतःच सगळ्यांना सांगत होते, "माझा हात गेला. माझ्या हातानं पोरीचा पाय घालवला." त्यांनी हत्यारे गुंडाळून ठेवली. जिन्याखाली ते अजून बसतात, कान देऊन. वरून टक असा आवाज येत नाही. टकटकचे नाव शाळेतून कमी केले आहे. ती तिसऱ्या मजल्यावर खिडकीशी बसते. सुटीच्या वेळी पुलावरून मुले येताना तिला दिसतात.

यातले काही दाराशी मुलांच्या बोलण्यातून कळले, बाकी सगळे मला त्या लाल बुटाने सांगितले, कारण तो आता इथेच आहे.

आज रंगबाई वर्गात आल्या त्याच आनंदात. "मुलांनो, बघा काय सापडलं! कचऱ्याच्या पेटीत अगदी वरच होता." त्यांनी तो पांढऱ्या कापडावर ठेवला. आत वाकून पाहिले. "आतला डाग बघा. कसला गडद तांबडा उतरलाय. हा रंग पेटीतून मिळत नाही हं."

"बाई," चष्मेवाली म्हणाली. "हा टकटकचा आहे. ती माझ्या वर्गात होती. हा बूट घालूनच तिला..."

"अंहं. गोष्ट नको. काय ठरलंय आपलं?"

चष्मेवाली खाली बसली. बाईंनी बूट उभा करून पाहिला. तो आडवा होत होता. "आत काहीतरी घालायला हवं," असे म्हणत त्यांनी खोलीभर पाहिले आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. त्यांनी मला दाराखालून ओढून काढले, धूळ झटकली आणि बुटात सरकवले.

मी आत गेलो. बोटे बोटांच्या जागी बसली. कड कडेला लागली. पण टाच टेकेना. माझी टाच आणि बुटाची टाच यांच्यामध्ये जागा राहिली. बाईंनी मला दाबले. टाच टेकली नाही. मग त्यांनी त्या जागेत आपले बोट घालून पाहिले. बोट बरोबर मावले.

त्या थांबल्या. त्यांनी भिंतीवरच्या 'वाढ' या चित्राकडे पाहिले. चित्रातल्या टाचेवर त्यांची नजर टिकली. मित्रांनो, त्यांना कळले. मला अगदी खात्री आहे. त्यांचे बोट अजून माझ्या टाचेखाली होते आणि ते थंडगार पडले होते. मी वाट पाहिली. आता त्या मला उचलतील, पायात चपला अडकवतील आणि जिन्याखालच्या खोलीत जाऊन म्हातारबुवांना सांगतील की, हात तुमचा गेला नव्हता. एवढे सांगून मुलीचा पाय परत येणार नव्हता. पण एका माणसाची झोप परत आली असती.

बाईंनी बोट काढून घेतले.

"ही जागा," त्या म्हणाल्या, "ही मधली पोकळी चित्रात फार छान दिसेल. सगळ्यांनी नीट बघा. आधी सावली काढा." आणि त्यांनी कागद ओला केला.

अकरा मुलांनी कुंचले उचलले. चष्मेवालीने उचलला नाही. ती कोऱ्या कागदाकडे बघत बसून राहिली, तेव्हा बाई म्हणाल्या, "आळस बरा नव्हे."

मित्रांनो, मी लाकूड आहे, तेही अर्धे. तुम्हाला शहाणपण शिकवण्याचा मला अधिकार नाही, कारण कुणीतरी सुंदर म्हटले म्हणून मी स्वतः पिशवीत गप्प बसलो होतो. पण एवढे मात्र सांगतो. खिडकीत, कट्ट्यावर, दारात काही ठेवलेले दिसले आणि ते तुम्हाला फार आवडले, तर उचलण्याआधी दार वाजवा. आतून कुणीतरी येईल आणि एक लांबलचक गोष्ट सांगेल. ती ऐका. चित्र थोडे उशिरा काढा. आणि तुमच्या हातून टाच बोटभर सरकली असेल, तर ज्याचा पाय आहे त्याला जाऊन सांगा. तुम्हाला कितीही लाज वाटली तरी सांगा.

आता वर्ग सुटला आहे. चित्रे वाळायला लावली आहेत. बारा दोऱ्या, अकरा चित्रे. बाईंनी मला बुटातून काढले आहे, कारण वारा सुटला आहे आणि दार आपटते आहे.

"अगं ए, चष्मेवाली, तेवढी पाचर लाव बरं दाराला," त्या म्हणतात.

ती मला दोन्ही हातांत धरून उभी आहे. दार आपटते आहे. तिने मला अजून खाली ठेवलेले नाही.